बाराव्या वर्षीची संमती

१३ नोव्हेंबर १३४९ रोजी पोप सहाव्या क्लेमंटने ॲविन्यों इथून (पोपचा दरबार तेव्हा रोमऐवजी तिथे होता) एक निवाडा दिला. इंग्लंडच्या राजघराण्यातली जोन ही बाई आठ-नऊ वर्षं ज्याची बायको म्हणून नांदत होती, तो सॉल्झबरीचा अर्ल विल्यम माँटेग्यू तिचा नवरा नव्हेच, असं त्यात म्हटलं होतं. त्याच्याही आधी, १३४० साली, ती बारा वर्षांची असताना थॉमस हॉलंड नावाच्या एका सरदाराशी तिचं गुपचूप लग्न झालं होतं. तेच खरं धरायचं, आणि आता ते चारचौघांत पुन्हा लावायचं.

‘केंटची रूपसुंदरी’ म्हणून इतिहासात मिरवलेली जोन ती हीच. तिची गोष्ट सांगण्याच्या दोन तऱ्हा रूढ आहेत. एकीत ती प्रेमासाठी सरंजामी कुटुंबाशी झुंजणारी नायिका असते. दुसरीत दोन नवऱ्यांची, पुढे तिसराही करणारी, चवचाल बाई. दोन्ही तऱ्हांमध्ये खटला मागे पडतो आणि रूप पुढे येतं. मला मात्र खटलाच महत्त्वाचा वाटतो, कारण त्याच्या कायद्याची एक फांदी पुढे थेट मुंबई उच्च न्यायालयात आणि तिथून आपल्या १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात येऊन पोचली आहे. लग्नाला दिलेला होकार किती काळ पुरतो, हा त्या खटल्यातला प्रश्न आपण अजून सोडवलेला नाही.

जोनचा बाप एडमंड हा केंटचा अर्ल आणि राजा पहिल्या एडवर्डचा मुलगा. पदच्युत भाऊ दुसरा एडवर्ड अजून जिवंत आहे, असं त्याला कोणीतरी पटवून दिलं. त्याला सोडवायच्या खटपटीत तो सापडला आणि मार्च १३३० मध्ये विंचेस्टरला त्याचं डोकं उडवलं गेलं. राजाच्या मुलावर कुऱ्हाड चालवायला दिवसभर कोणी तयार होईना. शेवटी मरणाची शिक्षा झालेल्या एका कैद्याने स्वतःच्या सुटकेच्या बदल्यात ते काम केलं. विधवा आई आणि मुलं नजरकैदेत गेली. वर्ष संपायच्या आत तरुण तिसऱ्या एडवर्डने सत्ता हाती घेतली आणि जोन राणी फिलिपाच्या छायेत, दरबाराच्या आसऱ्याने वाढू लागली. राजाची चुलत बहीण, पण बापाविना. अशा मुलीचं लग्न म्हणजे जमीन, नातं आणि निष्ठा यांचा व्यवहार. तो ठरवायचा हक्क राजाचा आणि पालकांचा. मुलीला त्यात जागाच नव्हती.

निदान सरंजामी रिवाज तसं सांगत होता. चर्चचा कायदा वेगळं सांगत होता, आणि लग्न वैध की अवैध हे ठरवण्याचा अधिकार चर्चकडे होता. बाराव्या शतकात, विशेषतः पोप तिसऱ्या अलेक्झांडरच्या काळात, असा नियम पक्का झाला की ‘मी तुला पती म्हणून स्वीकारते, मी तुला पत्नी म्हणून स्वीकारतो’ एवढे वर्तमानकाळी शब्द दोघांनी एकमेकांना उच्चारले की लग्न झालं. पुरोहित नसला तरी चालेल, बापाची परवानगी नसली तरी चालेल, साक्षीदारही नसले तरी चालेल. पाप लागेल, पण लग्न मोडणार नाही. १२१५च्या लॅटरन इथल्या धर्मपरिषदेने लग्नाआधी चर्चमध्ये जाहीर पुकारा करावा असं ठरवलं आणि गुप्त लग्नांना मनाई केली, तरीही झालेलं गुप्त लग्न वैधच राहिलं. आपल्याकडच्या वाचकाला गांधर्व विवाह आठवेल. आणि गांधर्व विवाह आठवला की लगेच शकुंतलाही आठवेल, कारण चर्चच्या न्यायालयांतही ‘मी असं काही बोललोच नव्हतो’ म्हणणारे दुष्यंत भरपूर होते. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये पुरोहित आणि साक्षीदार सक्तीचे केले, ते काही केवळ बापांच्या सोयीसाठी नव्हे.

तर १३४० मध्ये जोन आणि हॉलंड यांनी असे शब्द उच्चारले. हॉलंड पंचविशीतला, धाकट्या घराण्यातला, तलवारीवर पोट असलेला. लग्नानंतर थोड्याच काळात तो प्रशियाच्या मोहिमेवर गेला. त्याच हिवाळ्यात जोनच्या घरच्यांनी तिचं लग्न सॉल्झबरीच्या अर्लच्या मुलाशी, तिच्याच वयाच्या विल्यम माँटेग्यूशी लावून दिलं. ती गप्प का राहिली, असं नंतर अनेकांनी विचारलं. बारा-तेरा वर्षांची पोर, बाप राजद्रोही म्हणून मारला गेलेला, घरचे सगळे एका बाजूला. आपल्याकडे बोहल्यावर उभ्या केलेल्या किती मुली बोलल्या, हे विचारून पाहावं.

हॉलंड परतला, पण दावा लावायला त्याच्याकडे पैसे नव्हते. ते मिळाले युद्धातून. १३४६ साली काँ शहर पडलं तेव्हा फ्रान्सचा सरसेनापती राउल त्याच्या हाती लागला, आणि या कैद्याच्या बदल्यात राजाने त्याला ८०,००० फ्लोरिन कबूल केले. त्या बळावर त्याने पोपकडे दाद मागितली: माझी बायको मला परत द्या. मधल्या काळात माँटेग्यूने जोनला कोंडून ठेवल्याची तक्रार ॲविन्योंपर्यंत गेली. पोपच्या दरबारातून हुकूम सुटला, की तिला स्वतःचा वकील नेमू द्या आणि तिचं म्हणणं मोकळेपणाने मांडू द्या. युरोपात प्लेगने माणसं पटापट मरत होती. तरी खटला चालू राहिला आणि तिने हॉलंडचीच बाजू घेतली.

या एका हुकुमासाठी मी मध्ययुगीन चर्चला गुण देतो. चर्च स्त्रीस्वातंत्र्यवादी नव्हतंच. पण बाई कोणाच्या ताब्यात आहे हे पाहून तिच्या शब्दाची किंमत ठरते आणि म्हणून तिला आधी ताब्यातून बाहेर काढून विचारलं पाहिजे, इतकी अक्कल त्या न्यायालयाला होती. केरळमधल्या एका सज्ञान मुलीचं लग्न तिथल्या उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये रद्द केलं, तेव्हा मुलीच्या आयुष्यातला हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय आईबापांच्या सक्रिय सहभागानेच व्हायला हवा, अशी भूमिका निकालात होती. मुलगी कित्येक महिने बापाच्या घरात बंद. सर्वोच्च न्यायालयाने तिला समोर बोलावून थेट विचारलं, आणि मार्च २०१८ मध्ये तिचं लग्न पुन्हा वैध ठरवलं. जे चौदाव्या शतकात पहिल्या टप्प्यावर झालं, ते एकविसाव्या शतकात शेवटच्या टप्प्यावर झालं.

पण इथेच थांबलो तर मीही प्रेमकथाच सांगितली असं होईल. बारा वर्षांच्या मुलीची संमती म्हणजे काय? चर्चच्या कायद्यात मुलीला बारा आणि मुलाला चौदा ही वयं पुरेशी होती. आपल्या नजरेतून १३४०चं ते लग्न म्हणजे एका मोठ्या पुरुषाने लहान, निराधार आणि राजघराण्यातल्या मुलीला बोलण्यात गुंतवून केलेला प्रकार ठरतो, आणि मला तसं ठरवण्यात काही अन्याय वाटत नाही. शिवाय कल्पना करा, १३४८ मध्ये वकिलासमोर तिने सांगितलं असतं की, ‘तेव्हा मला काही कळत नव्हतं, आता मला विल्यमबरोबर राहायचंय.’ काय झालं असतं? कायद्याने तिला तरीही हॉलंडकडेच पाठवलं असतं. ते शब्द उच्चारले गेले होते, शरीरसंबंध झाला होता; विषय संपला. तिची विशीतली इच्छा आणि बाराव्या वर्षीचे शब्द एका दिशेने गेले, हे तिचं नशीब. न्यायालयाने तिला विचारलं ते ‘तू तेव्हा हो म्हणालीस का?’ एवढंच. ‘आता तुला काय हवंय?’ हा प्रश्न त्या कायद्यात नव्हता.

म्हणून मी तिची खरी संमती १३४०ची धरत नाही. धरायचीच तर १३४९ची, जेव्हा वीस-एकवीस वर्षांच्या बाईने अर्लची पत्नी हे पद सोडून बिनजहागिरीच्या सरदाराकडे जाणं पत्करलं. आणि नंतरच्या आणखी दोन. १३५२ मध्ये भाऊ वारल्यावर केंटची जहागीर तिच्या नावावर आली. १३६०च्या डिसेंबरात हॉलंड मेला. आता ती श्रीमंत, मुलाबाळांची, तिशीतली विधवा होती, आणि राजाला तिचं लग्न पुन्हा व्यवहारात वापरता आलं असतं. काही महिन्यांतच तिने इंग्लंडच्या युवराजाशी, ब्लॅक प्रिन्सशी, पुन्हा गुपचूप लग्न केलं. दोघं जवळच्या नात्यातली, शिवाय तो तिच्या मुलाचा धर्मपिता. चर्चच्या दृष्टीने दुहेरी अडचण. पोपची माफी आणवली आणि १० ऑक्टोबर १३६१ रोजी विंडसरला थाटात विधी झाला. युवराजाचं लग्न परदेशी राजकन्येशी लावून मित्रराष्ट्र जोडायचं सोडून त्याने चार मुलांच्या आईशी लग्न केलं, याचा बभ्रा पुष्कळ झाला. तिचा मुलगा पुढे दुसरा रिचर्ड म्हणून राजा झाला, आणि १३९९ मध्ये त्याला गादीवरून खेचताना विरोधकांनी आईच्या चारित्र्यावरच कुजबुज केली. आई मरून चौदा वर्षं झाली होती तरी.

तिसरी संमती मृत्युपत्रातली. १३८५च्या ऑगस्टमध्ये ती वारली. ब्लॅक प्रिन्सची कबर कँटरबरीच्या कॅथीड्रलमध्ये होती, राजमातेला शोभेल अशी जागा तिथेच होती. तिने लिहून ठेवलं होतं, मला स्टॅमफर्डला फ्रान्सिस्कन भिक्षूंच्या चर्चमध्ये पुरा, हॉलंडशेजारी. मोठेपणी, पुन्हा पुन्हा विचार करून निवडलेलं नातं कोणतं, ते इथे दिसतं. आणि ते बारा वर्षांच्या मुलीचं बोलणं खरं होतं म्हणून नव्हे, प्रौढ बाईने ते नंतर स्वतःचं केलं म्हणून.

आता मुंबई. बायकोला परत मागण्याचा जो दावा चर्चच्या न्यायालयांत चालत असे, तो इंग्रजांबरोबर हिंदुस्थानात आला. हिंदू धर्मशास्त्रात अशी फिर्याद नव्हती. नवऱ्याने न्यायालयात जाऊन बायको मागावी ही इथली रीतच नव्हे. १८६७ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे हिंदुस्थानातली शेवटची अपिलं ऐकणाऱ्या लंडनच्या न्यायपीठाने, एका मुस्लिम दांपत्याच्या खटल्यात हा दावा इथे चालतो असं मानलं, आणि वाट मोकळी झाली. १८८४ मध्ये दादाजी भिकाजींनी मुंबई उच्च न्यायालयात रखमाबाईंविरुद्ध तोच दावा लावला. लग्न झालं तेव्हा रखमाबाई अकरा वर्षांच्या होत्या. त्या आईकडे आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्याकडेच राहिल्या, शिकल्या, आणि विशीत आल्यावर नांदायला जाणार नाही म्हणाल्या.

न्यायमूर्ती पिन्ही यांनी १८८५ मध्ये दावा फेटाळला. ज्या बाईचं लग्न अजाणतेपणी लागलं आणि जी कधी नवऱ्याबरोबर राहिलीच नाही, तिला तिच्या मनाविरुद्ध त्याच्या स्वाधीन करणं त्यांना रानटीपणाचं वाटलं. ही फिर्याद इंग्लंडहून आणून इथे लावलेली आहे, हेही त्यांनी नोंदवलं. अपिलात निकाल फिरला. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला: महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंग चालेल. गंमत अशी की इंग्लंडने स्वतःच्या बायकांसाठी ही कैदेची शिक्षा १८८४ मध्येच काढून टाकली होती. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. त्यानंतर त्या लंडनला शिकून डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोट इथे त्यांनी आयुष्यभर रुग्णसेवा केली.

चर्चच्या कायद्यातून मुंबईने काय घेतलं आणि काय टाकलं ते पाहा. बायको परत मागण्याचं हत्यार घेतलं. बाईची संमती हा त्या कायद्याचा पाया मात्र बोटीत चढलाच नाही. कारण इथे संमती बापाची, लग्न हा संस्कार, मग विचारायचं कोणाला? जोनला निदान ‘तेव्हा हो म्हणालीस का’ असं विचारलं गेलं. रखमाबाईंना तेही नाही. आणि आपल्या थोरांनी काय केलं? टिळकांच्या ‘केसरी’ने रखमाबाईंच्या विरोधात लिहिलं. १८९१च्या संमतिवयाच्या कायद्यालाही टिळकांचा विरोध होता. त्या कायद्याने शरीरसंबंधासाठी मुलीचं किमान वय दहावरून किती वर नेलं? बारावर. चर्चने मध्ययुगात ठरवलेला तोच आकडा आम्हाला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धर्मबुडवा वाटत होता.

हे सगळं जुनं झालं म्हणावं, तर हिंदू विवाह कायद्याचं कलम ९ आजही तिथेच आहे. सबळ कारणाशिवाय जोडीदार सोडून गेला तर ‘नांदायला या’ असा हुकूमनामा न्यायालय देऊ शकतं. तुरुंग नाही, पण मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. आंध्र उच्च न्यायालयाने १९८३ मध्ये हे कलम घटनाबाह्य ठरवलं. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने संसार टिकवण्याचा उपाय म्हणून ते पुन्हा उभं केलं. इंग्लंडने मूळ दावाच १९७० मध्ये कायमचा बंद केला. व्यवहारात या कलमाचं काय होतं हे कौटुंबिक न्यायालयाच्या पायऱ्या चढलेल्या कोणत्याही वकिलाला विचारा. समोरची येणार नाही याची खात्री असतानाच दावा लावला जातो. म्हणजे पोटगीच्या मागणीला उत्तर तयार, आणि वर्षभरात हुकूम पाळला गेला नाही की घटस्फोटाचं कारणही तयार. बायकाही हा दावा लावतात, हे खरं. घरातून हाकललेल्या बाईला कधी त्याचा आधारही वाटतो. तिला लागतं ते घर, पोटगी आणि संरक्षण. त्यासाठी वेगळे कायदे आहेत. नको असलेल्या माणसाला अंथरुणापर्यंत ओढून आणणारा हुकूमनामा तिच्या काय कामाचा? जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच म्हटलं की असा हुकूम न पाळणाऱ्या पत्नीचा पोटगीचा हक्क आपोआप बुडत नाही. मग हुकूम तरी कशाला ठेवायचा? कलम ९ काढून टाकावं, असं माझं स्पष्ट मत आहे. लग्नाच्या दिवशीचा होकार पुढच्या सगळ्या रात्रींना पुरतो हे गृहीतक हॉलंडच्या दाव्यातलंच आहे.

आणि याच वेळी दुसऱ्या टोकाने मागणी वाढतेय, की प्रेमविवाहाला आईवडिलांची परवानगी सक्तीची करा. गुजरातच्या मुख्यमंत्र्यांनी २०२३ मध्ये त्याचा अभ्यास करू असं सांगितलं. महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये आंतरजातीय आणि आंतरधर्मीय लग्नांची माहिती गोळा करणारी समिती काढली. ओरड झाल्यावर दोन दिवसांत ‘आंतरजातीय’ शब्द गळाला, ‘आंतरधर्मीय’ राहिला. विशेष विवाह कायद्यातली तीस दिवसांची जाहीर नोटीस तर १९५४ पासून आहेच. चर्चमधल्या पुकाऱ्याचीच ती दूरची नातेवाईक. मूळ पुकारा कशासाठी? आधीचं लग्न लपवलंय का, नातं निषिद्ध आहे का, हे कळावं म्हणून. इथे तीस दिवसांत नोटीस बोर्डावरून पत्ता उतरवून घेतला जातो आणि मुलीच्या भावाच्या फोनवर जातो.

परवानगीच्या बाजूचा सर्वांत चांगला मुद्दा मला मान्य आहे. मुली फसवल्या जातात. शकुंतलेपासून चर्चच्या न्यायालयांपर्यंत सगळीकडे गुप्त लग्नात नाकारली गेली ती बहुधा बाईच. त्यावर उपाय म्हणजे नोंदणी सोपी, स्वस्त आणि त्याच दिवशी होणारी हवी; म्हणजे पुरावा तिच्या पर्समध्ये असेल. बापाच्या सहीने फसवणूक थांबते असं मानायला जोनच्या गोष्टीत तरी काही आधार नाही. तिचं घरच्यांनी, सर्वांच्या संमतीने, वाजतगाजत लावलेलं लग्न हेच तिला कोंडून ठेवणारं लग्न ठरलं. आपल्याकडे लग्न जमत नसलेल्या मुलीला अजूनही नाथांच्या ‘रुक्मिणी स्वयंवरा’ची पारायणं करायला लावतात. त्यातली नायिका भावाने ठरवलेलं स्थळ नाकारून स्वतः पत्र धाडते आणि पळून जाते, हे पोथी हातात देणाऱ्या आईला ठाऊक असतंच. पोथीत चालतं, पोलीस ठाण्यात चालत नाही.

पोलीस ठाण्याचा विषय निघालाच आहे, तर सुरुवात तिथूनच करता येईल. सज्ञान मुलगी ‘हरवल्याची’ तक्रार येते, ती सापडते, आणि तिचा जबाब आई, काका आणि गावचा पुढारी खोलीत बसलेले असताना लिहिला जातो. तिला वेगळं बसवून, हवा असल्यास वकील देऊन, ‘आज तुला कुठे जायचंय?’ असं विचारायचा नियम करायला संसदेची गरज नाही. गृहखात्याचं एक परिपत्रक पुरे. हाच प्रश्न सासरहून पळून आलेल्या विवाहितेलाही विचारला गेला पाहिजे, नवऱ्याच्या हातात कलम ९चा हुकूमनामा असला तरी.